कोबोल शिकताय? आधी खाने, मग स्टेटमेंट्स

कोबोल ही प्रोग्रामिंगची भाषा, तिचं नाव काढलं की लोक म्हणतात ते १९५९ सालापासूनचं, आता कशाला शिकायचं, पण बँका आणि विमा कंपन्यांची कितीतरी कामं आजही त्याच्यावरच चालतात आणि आठ-दहा स्टेटमेंट्स नीट कळली ना की दुसऱ्याचा प्रोग्राम वाचता यायला लागतो. सरावाला ग्नूकोबोल हा कंपायलर (लिहिलेला कोड चालवण्याजोगा करून देणारा प्रोग्राम) फुकट मिळतो. खाली सगळं देवनागरीत लिहिलंय, टाइप मात्र इंग्रजीत करायचं.

प्रोग्रामचे चार भाग असतात, आयडेंटिफिकेशन, एन्व्हायर्नमेंट, डेटा आणि प्रोसिजर. पहिल्यात प्रोग्रामचं नाव द्या, दुसरा सध्या सोडा. नवीन माणूस लगेच प्रोसिजरकडे पळतो, मीही तेच केलं होतं, पण खरी मेख डेटा डिव्हिजनमध्ये आहे. तिथे वर्किंग-स्टोरेजखाली प्रत्येक गोष्टीसाठी ठरावीक मापाचा खाना करावा लागतो:

०१ एकूण पिक ९(५)व्ही९९ व्हॅल्यू झिरो.

म्हणजे एकूण नावाचा खाना, आणि पिकपुढे त्याचं माप: पाच आकडे, मग दशांश, मग दोन आकडे. व्ही स्वतः जागा खात नाही, दशांश कुठे धरायचा एवढंच सांगतो. अक्षरांसाठी पिक एक्स(२०). व्हॅल्यू द्यायला विसरू नका, नाहीतर खान्यात काय पडलेलं असेल याचा भरवसा नाही.

आता मूव्ह. "मूव्ह पगार टू जमा" म्हणजे पगाराची कॉपी जमामध्ये जाते, पगार आहे तसाच राहतो. पण पगार ९(५) आणि जमा ९(३) असेल तर १२३४५ चे फक्त ३४५ उरतात, डावीकडचे आकडे गायब, आणि प्रोग्राम चालताना एक शब्द बोलत नाही. अक्षरांचं उलटं, तिथे उजवीकडचं कापलं जातं. हे एकदा मुद्दाम करून बघाच, वाचून नाही लक्षात राहत.

हिशोबाला अ‍ॅड, सबट्रॅक्ट, मल्टिप्लाय, डिव्हाइड आहेत. "सबट्रॅक्ट ५० फ्रॉम शिल्लक" सरळ कळतं, पण "मल्टिप्लाय दर बाय नग" लिहिलं तर उत्तर नगमध्ये जाऊन बसतं, म्हणून पुढे "गिव्हिंग रक्कम" जोडा. मोठं गणित असेल तर मी सरळ कॉम्प्युट वापरतो आणि ऑन साइझ एरर लावतो, म्हणजे उत्तर खान्यात मावलं नाही तर कळतं तरी.

सगळ्यात जास्त त्रास कशाने होतो सांगू? पूर्णविरामाने. इफच्या आत दोन ओळी होत्या आणि मी पहिलीच्या शेवटी टिंब दिलं, झालं, इफ तिथेच संपला आणि दुसरी ओळ अट खरी असो खोटी असो दर वेळी चालायला लागली, अख्खी संध्याकाळ गेली ते शोधण्यात. तेव्हापासून इफला एंड-इफ लावायचं आणि टिंब फक्त पॅराग्राफच्या शेवटी, हा नियम मी मोडत नाही. एंड-इफ १९८५ च्या स्टँडर्डमध्ये आलं, त्यामुळे जुन्या कोडमध्ये टिंबच टिंब दिसतील, तिथे हात लावताना जपून.

जागेचंही बघा. जुन्या पद्धतीत ७ व्या कॉलममध्ये * टाकला की ती ओळ कॉमेंट, डिव्हिजन आणि पॅराग्राफची नावं ८ पासून, स्टेटमेंट्स १२ पासून आणि ७२ च्या पुढचं कंपायलर वाचतच नाही. लांब ओळीचं शेपूट असंच कापलं जातं.

आता सराव. रकमा घेत जायच्या, ० दिलं की थांबून बेरीज दाखवायची:

अ‍ॅक्सेप्ट रक्कम
परफॉर्म अंटिल रक्कम = ०
  अ‍ॅड रक्कम टू एकूण
  अ‍ॅक्सेप्ट रक्कम
एंड-परफॉर्म
डिस्प्ले एकूण
स्टॉप रन.

पहिला अ‍ॅक्सेप्ट लूपच्या बाहेर का, तर परफॉर्म अंटिल अट आधी तपासतं आणि रक्कमच्या खान्यालाही एकूणसारखी व्हॅल्यू झिरो दिली की ती सुरुवातीला ० च असते, त्यामुळे ती ओळ काढलीत तर लूप एकदाही फिरणार नाही. काढून चालवून बघा, मग परत घाला.