टाचणी रुतली तरी कळलं नाही : बधिर पायांची माझी रोजची निगा

चार वर्षांपूर्वी संध्याकाळी ब्लाऊजला हुक लावून मशीनवरून उठले, तर मागून सून म्हणाली, "आई, फरशीवर रक्त कशाचं?" पाय उचलून पाहिला. टाचणी डोक्यापर्यंत तळव्यात रुतलेली, आणि मला जरासुद्धा दुखलं नव्हतं. त्याआधी वर्षभर पायाला मुंग्या यायच्या, रात्री तळपायांची आग व्हायची. साखर चौदा वर्षांची. वयाचं असेल म्हणून मी अंगावर काढत राहिले. तुम्ही तसं करू नका.

डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा ताठ दोरा पायाला जागोजागी टेकवला. उजव्या पायाला दहापैकी सहा ठिकाणी मला काही कळलं नाही. ही तपासणी चार-पाच मिनिटांची असते. साखर असेल त्यांनी वर्षातून एकदा तरी आठवणीने करून घ्यावी. बी-१२ जीवनसत्त्व सुद्धा तपासायला सांगा. साखरेची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं घेतली की ते कमी होऊ शकतं आणि त्यानेही मुंग्या येतात. माझं कमीच निघालं.

आगीसाठी मला रात्रीची प्रीगाबालिन दिली. सुरुवातीला गुंगी यायची, म्हणून रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला जरा बसायचं. या गोळीने आग कमी होते, पण गेलेली संवेदना परत येत नाही. बाकीचं काम साखर ताब्यात ठेवून आणि डोळ्यांनी करायचं.

रोज रात्री मशीनवर कव्हर टाकलं की मी पाय धुते. पाणी कोमट, आणि ते पायाने नाही, कोपराने बघायचं. भिजवत बसायचं नाही. मग जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने टिपायचं, बोटांच्या बेचक्यांत तर नक्कीच, कारण ओल राहिली की तिथे चिखल्या होतात. टाचांना खोबरेल तेल लावते, बेचक्यांत मात्र नाही. नंतर फरशीवर आरसा ठेवून त्यावर तळवा धरायचा. चष्म्याचा नंबर वाढल्यापासून सूनच म्हणते, "आई, पाय दाखवा." फोड, भेग, लाली, सूज, काळसर डाग असं ती बोटाबोटांतून बघते.

आमच्या घरी काशाच्या वाटीने तळवे घासायची रीत होती. मी ती सोडली. बधिर कातडीवर किती जोर पडतोय ते कळत नाही. विटेचा शेक, गरम पाण्याची पिशवीही बंद. भोवरी ब्लेडने कापायची नाही, औषधाची पट्टीही लावायची नाही. नखं सरळ कापायची, कोपरे खोल कोरायचे नाहीत.

सगळ्यात जड गेलं ते चपलांचं. मी कोल्हापूरची, जन्मभर कोल्हापुरीच घातली. पण तिचा अंगठा बोटाला घासतो आणि तळ कडक. आता एमसीआर म्हणजे मऊ रबराच्या तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल घरातसुद्धा घालते. चप्पल संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. घालण्याआधी आत हात फिरवा, खडा किंवा खिळा असला तर हाताला लागेल. मोजे सुती आणि पांढरे घ्या, रक्ताचा ठिपका लगेच दिसतो. अंबाबाईला जायचं तर पहाटे जाते, मोजे घालून. उन्हात तापलेल्या फरशीने पाय भाजला तरी आपल्याला कळणार नाही.

शिवण करणाऱ्या बायकांनो, काम आटोपलं की मशीनखाली लोहचुंबक फिरवा. मी त्याला दोरी बांधलीय. रोज दोन-तीन टाचण्या तरी चिकटून येतात.

दुखत नाही म्हणून जखम लहान, असं धरून चालू नका. पू, पसरणारी लाली, काळा पडलेला भाग, किंवा एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम आणि सुजलेला, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि त्या पायावर भार देऊ नका.

गेल्या पावसाळ्यात सुनेला आरशात करंगळीखाली फोड दिसला. तासाभरात आम्ही दवाखान्यात होतो. बारा दिवस मशीनला पाय लावला नाही, लग्नाचे ब्लाऊज शेजारणीकडे दिले. फोड भरून आला.