एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी: एकच गोळी, पण या चुका टाळा

एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, मी आधी डबी उघडायला सांगतो. ३० गोळ्यांच्या डबीत महिनाअखेर ११ उरलेल्या असतात आणि समोरचा म्हणतो, "रोज घेतो की हो." रागावून काय उपयोग? कधी राहिली, एवढंच विचारतो. मग हळूच निघतं: भाच्याचं लग्न होतं, पाहुण्यांसमोर डबी कशी काढणार? अशा वेळी चार दिवसांपुरत्या गोळ्या छोट्या कोरड्या डबीत घेऊन जा, पण खाडा नको. राहिलेली गोळी आठवल्याबरोबर घ्या. पुढची वेळ अगदी जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन एकदम घेऊ नका.

ज्यांना हिपॅटायटिस बीसुद्धा आहे, त्यांना खाडा दुप्पट महाग पडतो. नेहमीच्या टीएलडी गोळीत टेनोफोविर ३००, लॅमिवुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम असतं. पहिली दोन औषधं दोन्ही विषाणूंना आवरतात, तिसरं फक्त एचआयव्हीला. व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याचा, रिपोर्ट चांगला आला की काहीजण "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी सोडतात. तो रिपोर्ट एचआयव्हीचा असतो, यकृतातल्या विषाणूबद्दल तो काहीच सांगत नाही. गोळी थांबली की काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांनी, हिपॅटायटिस उसळतो. एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) वाढतं, डोळे पिवळे होतात, क्वचित यकृतच निकामी होतं. अशा वेळी घरचे काविळीची माळ घालायला नेतात, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन घेतात. पाणी पिवळं झालं म्हणजे कावीळ उतरली असं नाही. आधी सेंटर गाठा.

दुसरी चूक बाहेरच्या दवाखान्यात होते. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) थोडं वाढलेलं दिसतं आणि टेनोफोविर बंद करून अबाकाविर हे फक्त एचआयव्हीवर चालणारं औषध सुरू होतं. हिपॅटायटिस बीपुढे मग एकटं लॅमिवुडिन उरतं आणि विषाणू त्याला लवकर दाद देईनासा होतो. शिवाय डोल्युटेग्राविरमुळे मूत्रपिंडाला इजा न होताही क्रिएटिनिन थोडं वर जातं. प्रत्येक नव्या डॉक्टरला दोन्ही आजार सांगा, लाज बाजूला ठेवून. मूत्रपिंड खरंच बिघडलं असेल तर डोस किंवा औषध बदलता येतं, पण बदलताना हिपॅटायटिस बीचाही विचार व्हायला हवा.

याच्या उलटही घडतं. हिपॅटायटिस बीसाठी एचआयव्हीची तपासणी न करताच एकटं एन्टेकाविर किंवा टेनोफोविर सुरू होतं. एचआयव्ही लपलेला असेल तर तो अर्धवट औषधाला सरावतो आणि पुढे पर्याय कमी होतात.

आता किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी. कॅल्शियम, लोह किंवा गॅसचं पातळ औषध डोल्युटेग्राविरसोबत घेतलं की ते नीट शोषलंच जात नाही. एआरटीची गोळी या औषधांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्या. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक रोज पोटात जात असेल तर तेही सांगा, टेनोफोविरसोबत मूत्रपिंडावर ताण येतो. टीबीचं रिफाम्पिसिन सुरू झालं तर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा लागतं. ते सेंटरवरूनच ठरतं.

आणि बायको-मुलांची एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी) राहिली असेल तर पुढच्या खेपेला त्यांना सोबत आणा. निगेटिव्ह असतील त्यांना लस देता येते.