छोट्या पिकअपमध्ये हीटर आणि सेफ्टी दोन्ही एकत्र कसं सेट करायचं

छोटा पिकअप वापरणाऱ्या कुणाशीही बोला, दोन प्रश्न हमखास निघतात. एक म्हणजे ठोकर बसली तर ही गाडी आपल्याला वाचवेल का, आणि दुसरा म्हणजे हा हीटर असा का वागतो, पायाशी भट्टी आणि काचेवर गारठा. बहुतेक जण हे दोन वेगळे विषय धरतात, पण मला इतक्या वर्षांनी पक्कं वाटतं की थंडीच्या दिवसांत हा एकच विषय आहे. हीटर धड नसला की माणूस जाडजूड जॅकेट घालून बसतो, त्यावर बेल्ट लावतो, काच धुरकटलेली असते आणि वर नॉब शोधायला नजर खाली जाते, म्हणजे अपघात व्हायची आणि त्यात जास्त लागायची सगळी तयारी आपणच करून ठेवतो. म्हणून खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने करा, एक सुट्टीचा दिवस पुरतो.

आधी रेटिंग बघा, पण तुमच्याच केबिनचं

एकाच नावाचा पिकअप सिंगल कॅब, पुढच्या सीटमागे थोडी जागा असलेली एक्स्टेंडेड कॅब आणि चार दरवाज्यांची क्रू कॅब अशा तीन प्रकारांत मिळतो आणि लोक कुठल्या तरी एकाचं धडकेच्या टेस्टमधलं रेटिंग बघून खूश होतात. तसं करू नका. 2015 ची फोर्ड एफ-150 बघा, ती मोठी गाडी आहे पण मुद्दा तोच. गाड्या धडकवून तपासणाऱ्या अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेच्या स्मॉल ओव्हरलॅप टेस्टमध्ये तिच्या क्रू कॅबला 'गुड' मिळालं आणि एक्स्टेंडेड कॅबला फक्त 'मार्जिनल' (चार दर्जांतला तिसरा), कारण चाक मागे येऊ नये म्हणून लावलेला पोलादी भाग एकीत होता आणि दुसरीत नव्हता. नाव तेच, वर्ष तेच, पण ड्रायव्हरच्या पायाचं काय होणार ते वेगळं.

ही स्मॉल ओव्हरलॅप टेस्ट पिकअपवाल्यांनी समजून घ्यायलाच हवी. यात गाडीच्या पुढच्या रुंदीचा फक्त 25 टक्के भाग ताशी 64 किमी वेगाने अडथळ्यावर आदळवतात, म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला किंवा झाडाला कोपरा लागतो तसं. शिडीसारख्या चासीचे दोन जाड दांडे आतल्या बाजूला असतात, त्यामुळे अशी धडक दांड्याच्या बाहेरून जाते आणि सगळा जोर चाकावर आणि चाकातून पायांच्या जागेवर येतो. ड्रायव्हर बाजूची ही टेस्ट 2012 ला सुरू झाली, ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याच्या बाजूची 2017 ला, म्हणून जुनी गाडी घेत असाल तर 'सगळ्यात गुड' असं कुणी सांगितलं की कुठल्या टेस्टमध्ये आणि कुठल्या वर्षी ते विचारा.

आणि स्टार रेटिंगचं एक. अमेरिकी सरकारची समोरून धडकेची टेस्ट ताशी 56 किमीने सरळ भिंतीवर होते, त्यामुळे त्यातले स्टार साधारण सारख्याच वजनाच्या गाड्यांशी ताडून बघायचे असतात. छोट्या पिकअपचे पाच स्टार आणि त्याच्या दीडपट वजनाच्या गाडीचे पाच स्टार, दोन्ही समोरासमोर भेटले तर ते सारखे नसतात.

मागच्या सीटवर कोण बसतं ते ठरवा

इथे मी जरा जास्त थांबणार आहे, कारण क्रू कॅब घेणारे बहुतेक लोक मुलांसाठीच घेतात. 2023 मध्ये आयआयएचएसने पाच छोटे क्रू कॅब पिकअप नव्या टेस्टमध्ये घातले, जिच्यात ड्रायव्हरच्या मागे लहान चणीच्या बाईच्या किंवा बारा वर्षांच्या मुलाच्या मापाचा डमी, म्हणजे टेस्टसाठीचा पुतळा, असतो. पाचातल्या एकाही गाडीला मागच्या प्रवाशासाठी चांगला दर्जा मिळाला नाही, पुढे बसणाऱ्याला मात्र नीट संरक्षण मिळत होतं. पुढच्या बेल्टमध्ये धडक होताच बेल्ट खेचून घेणारा आणि नंतर छातीवरचा ताण थोडा सैल सोडणारा भाग असतो, मागे तो बऱ्याच गाड्यांत नसतो. तेव्हा गाडी बघायला जाल तेव्हा मागच्या बेल्टला हे दोन्ही आहेत का, एवढा प्रश्न विचाराच.

बारा वर्षांपर्यंतची मुलं मागेच. एक्स्टेंडेड कॅबमधल्या आडव्या तोंडाच्या घडीच्या सीटवर चाइल्ड सीट कधीच लावायची नाही. सिंगल कॅबमध्ये मागे जागाच नसते, अशा बऱ्याच गाड्यांना शेजारची एअरबॅग बंद करायचं किल्लीचं बटण दिलेलं असतं. मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट चालू एअरबॅगसमोर कुठल्याही परिस्थितीत नाही, आणि बाळ उतरलं, मोठं माणूस बसलं की बटण परत चालू करायचं, हे विसरतं म्हणून मी डॅशबोर्डवर त्याच्याच बाजूला चिठ्ठी चिकटवलीये.

चाइल्ड सीटचा वरचा पट्टा पिकअपमध्ये वेगळ्याच पद्धतीने जातो. सीटच्या मागे कापडी कडी असते, पट्टा त्या कडीतून ओवून शेजारच्या कडीला अडकवायचा असतो, थेट त्याच कडीला अडकवून चालत नाही, निदान बऱ्याच मॉडेलमध्ये तरी. मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवूनच करा.

आता जॅकेटची तपासणी. मुलाला जाड जॅकेट घालून चाइल्ड सीटच्या पट्ट्यांत बसवा आणि पट्टे नेहमीसारखे घट्ट करा. मग पट्टे सैल न करता बकल सोडा, मुलाला उतरवा, जॅकेट काढा आणि परत बसवून बकल लावा. खांद्याजवळ पट्टा बोटांच्या चिमटीत धरून बघा. घडी पडते, कधी कधी अख्खा हात आत जातो! धडक होते तेव्हा जॅकेटमधला कापूस दाबला जातो आणि तेवढी ढील त्या पोराच्या वाट्याला येते. मोठ्यांचा बेल्ट आपोआप आत ओढला जातो हे खरं, पण जाड जॅकेटवरून कमरेचा पट्टा पोटावर चढतो, तो मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडावर बसायला हवा. उपाय एकच, केबिन लवकर गरम करा, जॅकेट काढा, मुलाला पट्टे लावून झाले की वरून पांघरूण द्या.

हीटर गरमच होत नसेल तर

इंजिन थंड असताना हीटरने गरम हवा येणार नाही, कारण हीटर म्हणजे इंजिनचं तापलेलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) ज्यातून फिरतं तो छोटा रेडिएटर, आणि कूलंट साधारण 90 अंशांच्या आसपास पोचलं की खरा जोर येतो. म्हणून सुरुवातीला ब्लोअर एकवर ठेवा, काच साफ झाली की हळू चालवत निघा, उभ्या गाडीपेक्षा चालत्या गाडीत इंजिन लवकर तापतं. पण वीस मिनिटं चालवूनही तापमानाचा काटा मध्यापर्यंत येत नसेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट मोठ्या रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकलेला असण्याची शक्यता जास्त.

काटा वर आहे तरी हवा गार, तर थंड इंजिनवर कूलंटची पातळी बघा (तापलेल्या इंजिनचं झाकण उघडायचं नाही, वाफ आणि उकळतं कूलंट तोंडावर येतं). पातळी बरोबर असेल तर केबिनकडे जाणारे दोन पाइप सांभाळून, हातमोजा घालून चाचपा. दोन्ही गरम असतील तर कूलंट फिरतंय, दोष डॅशबोर्डच्या आत आहे. एकच गरम आणि दुसरा गार असेल तर हीटरचा रेडिएटर तुंबलाय किंवा व्हॉल्व्ह बंद पडलाय.

डॅशबोर्डच्या आत एक झडप असते जी गार आणि गरम हवा मिसळते आणि ती फिरवणारी छोटी मोटर. माझ्या गाडीत हवा ड्रायव्हरला गरम, शेजारी गार यायची, आणि चावी फिरवली की ग्लोव्ह बॉक्सच्या मागून टक टक टक असा आवाज, दहा पंधरा वेळा, मग बंद. एका गॅरेजने अख्खा डॅशबोर्ड खोलून हीटरचा रेडिएटर बदलायला सांगितलं. मी ग्लोव्ह बॉक्सचं तोंड खाली सोडून कान लावला, आवाज सरळ त्या मोटरमधूनच, आतला प्लॅस्टिकचा दात तुटला होता. तीन स्क्रूचं काम निघालं.

पण तिथे हात घालण्याआधी हे वाचा. ग्लोव्ह बॉक्सच्या वरच शेजारची एअरबॅग असते आणि पिवळ्या आवरणाच्या वायरी आणि पिवळे कनेक्टर दिसले म्हणजे ते एअरबॅगचे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, पिवळ्याला हात लावू नका. खात्री नसेल तर मेकॅनिककडे द्या, त्यात कमीपणा काही नाही.

ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालत असेल तर बहुधा पंख्याचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर गेलाय, स्वस्तातलं काम आहे. आणि काचेवर आतून चिकट थर, केबिनमध्ये गोडसर वास, शेजारच्या बाजूचं कार्पेट ओलं, असं तिन्ही दिसलं तर हीटरचा रेडिएटर गळतोय, ते टाळू नका.

काच धुरकटते तेव्हा

पिकअपची केबिन छोटी, तीन माणसांचा श्वास आणि ओले बूट, काच मिनिटात पांढरी होते. नॉब पुढच्या काचेच्या खुणेवर, तापमान पूर्ण गरम, एसी चालू, आणि आतलीच हवा फिरवायचं बटण बंद. एसी कशाला, असं सगळे विचारतात. एसी हवेतलं पाणी काढून घेतो, मग तीच कोरडी हवा हीटर गरम करतो, कोरडी गरम हवाच काच साफ करते. आतली हवा फिरवत ठेवली तर आपल्याच श्वासाचं पाणी परत काचेवर. केबिन फिल्टर आणि काचेखालची पानं अडकलेली जाळी साफ ठेवा, ओली मॅट घरात वाळवा.

मागची सरकती काच उघडून चालवायची सवय असेल तर हौद्यावर टोपण असताना किंवा फाळका खाली असताना ती बंद ठेवा, सायलेन्सरचा धूर तिथून आत ओढला जाऊ शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

नॉब न बघता

ताशी 80 किमीला दोन सेकंद खाली बघितलं की गाडी साधारण 44 मीटर आंधळी जाते. म्हणून उभ्या गाडीत डोळे मिटून सराव करा, तापमान, हवेची दिशा, ब्लोअर, काचेचं बटण, असं दहा वेळा. फिरणारे नॉब असतील तर हात लगेच शिकतो. सगळं स्क्रीनवर असेल तर निघण्याआधीच सेट करा, नाहीतर ऑटोवर ठेवून तापमान ठरवा आणि त्याला हात लावू नका. नवीन घेणाऱ्याने काच साफ करायचं बटण तरी वेगळं, बोटाला लागणारं आहे का बघावं, माझ्या मते हा गाडी नाकारायचासुद्धा मुद्दा आहे.

राहिलेल्या गोष्टी

चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तसाच राहिला किंवा लुकलुकला तर एअरबॅग उघडेल याची खात्री नाही, त्याच आठवड्यात दाखवा. बाहेरून आणलेलं गरम होणारं सीट कव्हर लावण्याआधी बघा की सीटच्या कडेला एअरबॅगचा टॅग आहे का, असेल तर जाड कव्हर ती अडवू शकतं, आणि बैठकीखालचा वजनाचा सेन्सरही गोंधळू शकतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटला लावायचे छोटे हीटर घेऊ नका, 150 वॉटच्या आसपास त्यांची ताकद, त्याने केबिन गरम होत नाही आणि धडकेत ते केबिनभर उडतात. तेच हौद्यातल्या सामानाचं, टूलबॉक्स सुटा असेल तर गाडी थांबते आणि तो मागच्या काचेकडे येतच राहतो, पट्ट्याने बांधा. सिंगल कॅबमध्ये डोकं त्या काचेपासून वीतभर असतं, हेडरेस्टचं वरचं टोक डोक्याच्या वरच्या टोकाच्या पातळीला येईल इतकं वर ओढा. छातीपासून स्टेअरिंग किमान 25 सेंमी ठेवा.

जुना पिकअप असेल तर चासी नंबर टाकून रिकॉल, म्हणजे दोषामुळे कंपनीने दुरुस्तीसाठी परत बोलावलेल्या गाड्यांत तुमची आहे का, ते तपासा. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधलं रसायन उष्णता आणि दमटपणाने खराब होऊन धातूचे तुकडे उडतात, आणि जानेवारी 2018 मध्ये 2006 च्या काही फोर्ड रेंजर आणि माझदा बी-सिरीज पिकअपच्या मालकांना गाडी चालवूच नका असं सांगावं लागलं होतं. दुरुस्ती फुकट असते. गाडी तिसऱ्या हातातून आली असेल तर पत्र आधीच्या मालकाकडेच गेलं असणार, त्यामुळे नंबर स्वतःच टाकून बघा.