शिक्रा की बेसरा? गळा सोडा, शेपटी बघा

शिक्रा आणि बेसरा हे दिसायला जवळजवळ सारखे दोन लहान शिकारी पक्षी. ओळखताना आधी पावशा, म्हणजे कोकिळेच्या कुळातला पक्षी, बाद करा. राखाडी पाठ, पट्ट्यांची शेपटी, उडण्याची ढब, सगळं शिक्र्यासारखं. पण चोच सरळ आणि पायांना शिकारी नख्या नाहीत.

मग स्पॅरोहॉक, असाच आणखी एक लहान शिकारी पक्षी. तो आपल्याकडे हिवाळ्यातच येतो. त्याच्या गळ्यावर मधोमध रेघ नसते आणि घिरट्या घालताना पंखाच्या टोकाला सहा बोटं, म्हणजे टोकाची लांब पिसं, सुटी दिसतात. शिक्रा आणि बेसऱ्याची पाच.

खरी अडचण या दोघांची. 'गळ्यावर काळी रेघ दिसली की बेसरा' हा सल्ला जिथे तिथे मिळतो, आणि त्यानेच सर्वांत जास्त चुकीच्या नोंदी होतात. पूर्ण वाढलेल्या शिक्र्याच्या गळ्यावरची रेघ पुसट राखाडी असते, लांबून दिसतही नाही, तिथवर ठीक. पण पहिल्या वर्षाच्या शिक्र्याची रेघ चांगली ठसठशीत असते. पाठ तपकिरी, छातीवर थेंब ओघळल्यासारखे तपकिरी ठिपके. कोवळा बेसराही अगदी असाच. आंबोलीत अशाच एका पक्ष्याची मी छातीठोकपणे बेसरा म्हणून नोंद केली. दोन वर्षांनी फोटो पुन्हा उघडले तेव्हा पहिल्यांदा शेपटीकडे नीट पाहिलं आणि नोंद मागे घेतली. ती चूक मला अजून सलते.

बसलेल्या पक्ष्याची मिटलेली शेपटी पाठीकडून बघा. बेसऱ्याचे गडद पट्टे रुंद, मधल्या फिकट जागेइतके किंवा त्याहून जाड. शिक्र्याचे पट्टे बारीक, मधली जागा मोठी. पूर्ण वाढलेल्या नराच्या मधल्या पिसांवर तर पट्टे जवळजवळ नसतातच. पक्षी डोक्यावरून गेला तर पंखाची खालची बाजू बघा. बेसऱ्याला तिथे दाट आडवे पट्टे असतात. पूर्ण वाढलेल्या शिक्र्याचा पंख खालून पांढुरका, टोकाशी काळसर.

डोळ्याच्या रंगावर जाऊ नका, तो वयाप्रमाणे बदलतो. जागेवरही नको. बेसरा दाट झाडीतला हे खरं, पण शिक्रा गावातल्या वडावर बसतो तसा जंगलातही बसतो.

शेपटी दिसलीच नाही तर नोंदीत 'शिक्रा किंवा बेसरा' असंच लिहा. कॅमेरा असेल तर पहिला फोटो चेहऱ्याचा निघतोच. पक्षी उडायच्या आत बाजूला सरकून दुसरा शेपटीचा घ्या.