गेम लाइव्ह करताय? आधी रात्रीचा अपलोड मोजा

इचलकरंजीत आमच्या घराच्या भिंतीला लागूनच यंत्रमागाचा कारखाना आहे. रात्रपाळीला माग चालू असतात आणि त्याच वेळी मी यूट्यूबवर व्हॅलोरंट लाइव्ह खेळतो, मराठीत बोलत. खाली जे सांगतोय ते याच खोलीत, याच आवाजात, केबलवाल्याच्या नेटवर करून पाहिलेलं आहे.

नवीन मुलं विचारतात, "दादा, बिटरेट किती ठेवू?" बिटरेट म्हणजे दर सेकंदाला आपण पाठवायचा व्हिडिओचा डेटा. मी उलट विचारतो, तू लाइव्ह किती वाजता जातोस? माझा प्लॅन ४० एमबीपीएसचा. दुपारी दोनला स्पीड टेस्टमध्ये अपलोड, म्हणजे आपल्याकडून बाहेर जाण्याचा वेग, ३८ दिसतो. रात्री साडेनऊला, जेवणं उरकून सगळी गल्ली मोबाइल घेऊन बसली की तोच १२ वर येतो. पाच-सहा वेळा मोजला की मधेच एकदा ७ दिसतो. धरायचा तो ७. तुम्ही ज्या वेळी खेळणार त्याच वेळी तीन-चार रात्री मोजा, आकडे वहीत लिहा, सगळ्यात कमी आकडा घ्या आणि त्यातला पाव हिस्सा सोडा. माझे सव्वापाच उरले, म्हणून ओबीएसमध्ये, म्हणजे लाइव्ह पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मी ५००० केबीपीएस (५ एमबीपीएस) टाकलं. सोडलेल्या पाव हिश्श्यात गेमची स्वतःची ये-जा चालते आणि घरातल्या फोनचे बॅकअपही.

हे मोजमाप लॅन केबलवर करा. वायफायचा आकडा एका मिनिटात खाली-वर होतो. मी राउटरपासून टेबलापर्यंत भिंतीच्या कडेने केबल ओढली आहे आणि माझ्या मते तो खर्च कॅमेऱ्याच्या आधी करायला हवा.

आता चित्राचा आकार, म्हणजे उभ्या दिशेने किती पिक्सेल. १०८० मध्ये ७२० च्या सव्वादोन पट पिक्सेल असतात. तेच ५००० सव्वादोन पट जागेत पसरलं की मान झटकन वळवताना किंवा धूर पडताना चित्राच्या चौकटी-चौकटी होतात. यूट्यूब स्वतः एच २६४ या व्हिडिओ फॉरमॅटसाठी १०८० आणि ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम्स) १२ एमबीपीएस सुचवतं, ७२० आणि ६० ला ६, तर ७२० आणि ३० ला ४. माझं बसतं ७२० मध्ये, आणि व्हॅलोरंटसारख्या वेगवान गेमला मी ६० एफपीएस सोडत नाही. माइनक्राफ्ट किंवा बुद्धिबळ दाखवत असाल तर ३० पुरे. माझे बहुतेक प्रेक्षक मोबाइलवर असतात. सहा इंचांवर स्वच्छ ७२० छान दिसतं.

ओबीएसच्या आउटपुट सेटिंगमध्ये रेट कंट्रोल सीबीआर (बिटरेट सतत सारखा), कीफ्रेम (पूर्ण चित्राची फ्रेम) दर २ सेकंदांनी. एन्व्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर एन्कोडर (व्हिडिओ दाबून छोटा करणारा) एनव्हीएन्क घ्या, कारण त्या कामासाठी कार्डात वेगळा भाग असतो आणि प्रोसेसर गेमला मोकळा राहतो. कार्ड नसेल तर इंटेलचं क्विकसिंक किंवा एक्स २६४ वर 'व्हेरीफास्ट'.

अडकणं हा प्रकार मात्र नीट समजून घ्या, माझे त्यात दोन आठवडे गेले. कोल्हापूरच्या हॉस्टेलवरून मावसभावाचा फोन आला, "चित्र थांबत थांबत चाललंय रे." मी नेटला दोष दिला. बिटरेट ३५०० केलं, मग २५००. चित्र पिठासारखं झालं आणि थांबणं होतं तसंच. शेवटी ओबीएसच्या 'डॉक्स' मेनूत जाऊन 'स्टॅट्स' उघडलं. तिथे तीन वेगळे आकडे असतात. नेटमुळे गळलेल्या फ्रेम्स शून्य होत्या. एन्कोडिंगमुळे सुटलेल्याही शून्य. रेंडरिंग लॅगचा आकडा मात्र माझ्या डोळ्यांदेखत वाढत होता. गेमला फ्रेम्सची मर्यादा घातलेली नव्हती, त्यामुळे तो ग्राफिक्स कार्ड पूर्ण खात होता आणि ओबीएसला चित्र जुळवायला कार्ड उरतच नव्हतं. गेममध्ये १२० ची मर्यादा लावली, ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं, आकडा जागच्या जागी थांबला. तेव्हा आधी तीनपैकी कोणता आकडा वाढतोय ते बघा. नेटचा वाढला तर बिटरेट उतरवा, एन्कोडिंगचा वाढला तर एन्कोडर हलका करा, रेंडरिंगचा वाढला तर गेमला आवर घाला.

आवाजावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. चित्र थोडं मळकट असलं तरी लोक बसतात. आवाज फाटला की निघून जातात. माइक तोंडापासून चार बोटांवर आणा आणि गेन, म्हणजे माइकची संवेदनशीलता, कमी करा. अंतर निम्मं झालं की तुमचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, मागांचा आहे तेवढाच राहतो. मग फिल्टर लावा: आधी नॉइज सप्रेशनमध्ये आरएनएनॉइज, नंतर नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा), कॉम्प्रेसर (आवाजातला चढ-उतार कमी करणारा), शेवटी लिमिटर (कमाल पातळी ओलांडू न देणारा). आरएनएनॉइज पंख्याची घरघर छान काढतं, पण धोट्याची खटखट थोडी उरते. ती गेटने अडते. मी गप्प बसून एक मिनिट रेकॉर्ड केलं, मीटरवर माग उणे ४२ डेसिबलला दिसले, म्हणून गेट बंद होण्याची पातळी उणे ३८ आणि उघडण्याची उणे ३२ ठेवली. बोलताना मीटर पिवळ्यात राहावा, गेमचा आवाज त्याच्या बराच खाली. विंडोज आणि ओबीएस दोन्हीकडे आवाजाचा सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ, एकसारखा हवा.

सोर्स म्हणून 'गेम कॅप्चर' घ्या. 'डिस्प्ले कॅप्चर'मध्ये आलेला प्रत्येक मेसेज जगाला दिसतो, ओटीपीसुद्धा. स्ट्रीम की (आपल्या चॅनेलवर लाइव्ह जाण्याचा गुप्त कोड) कुणाला देऊ नका; चुकून दिसलीच तर लगेच रीसेट करा. लेटन्सी (तुमच्या आणि प्रेक्षकाच्या स्क्रीनमधला उशीर) 'लो' ठेवा. 'अल्ट्रा लो'मध्ये चॅटला उत्तर लवकर पोचतं, पण अशक्त नेटवाल्यांचा व्हिडिओ जास्त अडकतो.

यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करून मिळायला २४ तास लागू शकतात, तेव्हा आदल्या दिवशीच ते उरका. मग 'अनलिस्टेड' (लिंक असेल त्यालाच दिसेल असं) ठेवून दहा मिनिटं खेळा आणि आपलंच लाइव्ह मोबाइल डेटावर, इअरफोन लावून घरच्या कुणाला तरी बघायला सांगा. माझी बहीण बसते. माग ऐकू आले की ती दारातून हात वर करते. मोबाइल हॉटस्पॉटवरून लाइव्ह जाणार असाल तर हिशेब धरा: ५००० केबीपीएसला तासाला सव्वादोन जीबी जातात, रोजचा दीड जीबीचा पॅक ४० मिनिटांत संपतो.

ओबीएसमध्ये मी दोन प्रोफाइल करून ठेवली आहेत. एक रोजचं, वर सांगितलेलं. दुसऱ्याचं नाव 'आयपीएल': ७२०, ३० एफपीएस, ३५०० केबीपीएस. त्या दोन महिन्यांत संध्याकाळी गल्लीतलं नेट आणखी खाली येतं, तेव्हा साडेसातला एकदा मोजतो आणि ५ च्या आसपास दिसलं की दुसरं प्रोफाइल निवडून खेळायला बसतो.