शाळेत जायच्या नावाने पोटात दुखतंय? आधी टाइमटेबल काढा

माझी लेक तिसरीत होती तेव्हा रोज सकाळी तिचं पोट दुखायचं, डॉक्टर म्हणाले काही नाही, आणि आम्ही दोन महिने नाटकं समजून तिला शाळेत रेटत राहिलो, त्याचं अजून वाईट वाटतं मला. मग मी कालनिर्णयवर दुखण्याच्या दिवशी फुली मारायला लागले. सगळ्या फुल्या सोमवार-गुरुवारच्या! टाइमटेबल बघितलं तर त्या दोन दिवशी इंग्रजीचं उभं राहून मोठ्याने वाचन.

तर पहिलं काम, नक्की कुठे अडतंय ते शोधा. वर्गात, मधल्या सुट्टीत, व्हॅनमध्ये, की शाळेच्या बाथरूममध्ये? पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत येत असेल तर हे शेवटचं नक्की विचारा, बाथरूमला जायला लागू नये म्हणून पोरं पाणीच पीत नाहीत.

समोर बसवून "काय झालं सांग" म्हटलं की "काही नाही" एवढंच मिळतं. आमचं सगळं बोलणं गाडीवर झालं, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये, ती मागे, तोंड दिसत नाही ना एकमेकांचं, मग पोरं बोलतात. नुसतं ऐकायचं. "उद्या येऊन बघतेच त्यांना" असं तर अजिबात म्हणू नका, परत सांगणारच नाही.

डोळे, कान तपासून घ्या. मग बाईंना भेटा, पण शाळा सुटताना गेटवर नको, वेळ मागून घ्या आणि एकच नेमकी गोष्ट मागा. आम्ही म्हटलं, कुठला उतारा वाचायचा ते आदल्या दिवशी सांगाल का? बाई लगेच हो म्हणाल्या. पंधरा दिवसांत फुल्या कमी झाल्या.

तोंडी सगळं येतं पण लिहिताना अडतं, अक्षरं गाळली जातात, असं बरेच महिने चाललं असेल तर आळशी म्हणू नका प्लीज, मानसशास्त्रज्ञांकडून असेसमेंट करून घ्या. अशी अध्ययन अक्षमता (लर्निंग डिसॅबिलिटी) २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, सर्टिफिकेट असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ वगैरे सवलती मिळतात.

आणि शाळेत कुणी मारत किंवा घालूनपाडून बोलत असेल तर गोष्ट वेगळी. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७, दोन्हीला बंदी आहे. मुख्याध्यापकांना लेखी द्या, पोच घ्या. मुलांसाठीची हेल्पलाइन, चाइल्डलाइन १०९८, तीही आहे. मूल जगायचं नाही असं काही बोललं तर मात्र दिवस मोजत बसू नका, त्याला एकटं सोडू नका, लगेच डॉक्टर गाठा, टेलिमानस १४४१६ ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन रात्रीसुद्धा चालू असते.