झेडएक्स स्पेक्ट्रमसाठी सुटा होणारा बाह्य कीबोर्ड कसा बनवावा

सिंक्लेअर कंपनीने १९८२ साली ब्रिटनमध्ये बाजारात आणलेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाच्या रबरी कळांखाली प्लास्टिकचे पातळ मेंब्रेन, म्हणजे कळ दाबल्यावर विद्युत संपर्क जोडणारे पटल, असते. वय झाले की त्याच्या जोडणीच्या पट्ट्या ठिसूळ होऊन तडकतात. यांत्रिक स्विचांचा बाह्य कीबोर्ड हा त्यावर चांगला उपाय आहे. मात्र तो जोडताना मूळ यंत्राला कायमची इजा होता कामा नये. त्यामुळे मूळ कवचाला भोक पाडू नये, असे माझे ठाम मत आहे.

स्पेक्ट्रमच्या ४० कळा ८ अर्ध-ओळींत, प्रत्येकीत ५ याप्रमाणे विभागलेल्या आहेत. कळ दाबली की ए८ ते ए१५ या आठ ॲड्रेस लाइनींपैकी (अर्ध-ओळ निवडणाऱ्या तारांपैकी) एक आणि पाच डेटा लाइनींपैकी (त्या ओळीतील कळ वाचणाऱ्या तारांपैकी) एक जोडली जाते. संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डावरील ८ पिनांच्या आणि ५ पिनांच्या कनेक्टरांत याच १३ तारा येतात. म्हणून बाहेरच्या जोडणीसाठी १५ पिनांचा डी-सब (इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचा) कनेक्टर पुरतो. उरलेल्या दोन पिना मोकळ्या ठेवाव्यात.

प्रथम वीजपुरवठा काढून कवच उघडावे आणि मेंब्रेनच्या पट्ट्या सरळ वर ओढून हलक्या हाताने सोडवाव्यात. बोर्डाच्या खालच्या बाजूने या दोन कनेक्टरांच्या सोल्डर केलेल्या टोकांना रिबन केबलच्या १३ तारा जोडाव्यात. अशी समांतर जोडणी केल्याने मेंब्रेन चांगले असेल तर ते पुन्हा बसवून मूळ कळाही वापरता येतात. केबल मागच्या एक्स्पान्शन कनेक्टरच्या मोकळ्या जागेतून बाहेर काढावी आणि तिच्या टोकाला फीमेल सॉकेट लावावे, म्हणजे उघड्या पिना चुकून कशाला टेकणार नाहीत.

आता झीरो पीसीबीवर (नुसती भोके असलेल्या सर्किट बोर्डावर) ४० स्विच बसवावेत. प्रत्येक अर्ध-ओळीतील स्विचांचे एक टोक एकत्र जोडून त्या ओळीच्या ॲड्रेस तारेला न्यावे. दुसरी टोके क्रमाने पाच डेटा तारांना जोडावीत. हा क्रम कीबोर्डाच्या बाहेरच्या कडेपासून मध्याकडे मोजतात. उदाहरणार्थ, ए९ वर ए, एस, डी, एफ, जी येतात, तर ए१३ वर पी, ओ, आय, यू, वाय.

प्रत्येक स्विचला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. बोर्डावर ॲड्रेस लाइनींना आधीच डायोड आहेत. त्यांच्या जोडीला आणखी एक सिलिकॉन डायोड आला की दोहोंवरील व्होल्टेजमुळे यंत्र ज्याला शून्य मानते त्या सिग्नलची व्होल्टेज पातळी वर सरकते आणि कळ दाबल्याचे यंत्राला खात्रीने कळत नाही. केबलही अर्ध्या मीटरच्या आतच ठेवावी, कारण तिची लांबी वाढली की कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढतो आणि सिग्नल उशिरा स्थिरावतो.

कळांवर मूळ चिन्हे लिहिण्याचा कंटाळा करू नये. स्पेक्ट्रमच्या बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेत एकेका कळीने पूर्ण आज्ञा उमटते, त्यामुळे चिन्हांशिवाय कीबोर्ड जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

वीज देण्यापूर्वी मल्टिमीटरने शेजारच्या तारांमध्ये शॉर्ट नाही याची खात्री करावी. कीबोर्ड जोडताना आणि काढताना यंत्र नेहमी बंद ठेवावे. चाचणीसाठी ही एक ओळ टाइप करावी: १० प्रिंट ॲट ०,०;इन ६५०२२: गो टू १०. यातील ६५०२२ हा ए९ वरील अर्ध-ओळ वाचण्याचा क्रमांक आहे. ए दाबल्यावर दिसणारा आकडा १ ने आणि जी दाबल्यावर १६ ने कमी झाला पाहिजे. एखादी पूर्ण अर्ध-ओळ बंद असेल तर दोष आठ ॲड्रेस तारांपैकी एकीत असतो. आठही ओळींतील एकाच क्रमांकाची कळ बंद असेल, तर तो पाच डेटा तारांपैकी एकीत शोधावा.